पाणी खाली सोडण्याचं धोरण

लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून देताना 'हे पूर्वी प्रदूषणात होते' असं सांगतं. ऐकणारा मान डोलावतो. कुणी पोलिसात होते, कुणी महसुलात होते, तसे हे प्रदूषणात होते. त्या वाक्यात दुरुस्ती करावी असं मला कधी वाटलं नाही. प्रदूषण रोखण्यासाठी सरकारनं जी कचेरी काढली, तिच्या कोल्हापूर शाखेत मी नव्वदच्या दशकात आणि त्याच्या पुढच्या दशकात नोकरी केली. त्या सगळ्या काळात नदीचं पाणी बिघडत गेलं आणि मला वेळेवर बढत्या मिळत गेल्या. या दोन गोष्टींचा संबंध नाही असं कचेरीचं मत आहे.

माझं काम बाटल्या भरण्याचं होतं. बाहेरच्या माणसाला हे फार सोपं वाटतं: पाणी घाण दिसलं, बाटलीत भरलं, तपासलं, खटला भरला. कायद्यात ते असं नाही. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तर आधी कारखान्याच्या माणसाला सांगायचं, की मी तुमच्या पाण्याचा नमुना तपासणीला घेणार आहे. मग त्याच्यासमोर पाणी घ्यायचं, त्याच्यासमोर त्याचे दोन भाग करायचे, दोन बाटल्यांना लाख लावून सील करायचं आणि त्यावर त्याची सही घ्यायची. यातलं काही राहिलं तर तो नमुना कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही. म्हणजे आधी निरोप धाडायचा, मग ज्याच्यावर संशय त्याच्याच सहीनं संशय सिद्ध करायचा. कायदा करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आमच्यासारख्या इन्स्पेक्टरनं घरच्या मोरीतलं पाणी बाटलीत भरून एखाद्या उद्योजकाला छळू नये, एवढीच त्यांची काळजी होती, आणि आमच्यातले काही जण बघता ती काळजी रास्तही होती. पण त्यामुळे एक गंमत झाली. नदीचा नमुना घेतला तर सही कुणाची घ्यायची? नदीला मालक नाही, मॅनेजर नाही. त्यामुळे नदीच्या पाण्यात काय सापडलं हे आम्हाला कायम ठाऊक असे आणि त्याचा उपयोग कधीच नसे.

नोकरीला लागलो तेव्हा हौसेनं मी या सगळ्याचा इतिहास वाचून काढला होता. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला पाण्याचा कायदा करायचा तर आधी राज्यांच्या विधानसभांनी तसे ठराव करून पाठवावे लागले. महाराष्ट्रानं तर त्याच्याही आधी स्वतःचा कायदा केला होता. परदेशात एक मोठी परिषद भरली, तिथं आपण गरिबीवर चांगलं भाषण केलं, टाळ्या घेतल्या आणि घरी येऊन कायदा मंजूर केला. पुढे भोपाळला वायू सुटला, माणसं झोपेतून उठून रस्त्यात मेली, आणि पर्यावरणाचा दुसरा, मोठा कायदा आला. त्यानंतर आमच्या खात्याला कारखान्याची वीज तोडण्याचे अधिकार मिळाले. या देशात पर्यावरणाचा कायदा एक तर परिषदेनंतर येतो, नाही तर प्रेतांनंतर. परिषदेनंतरच्या कायद्याची भाषा जास्त चांगली असते. नव्वदनंतर उदारीकरण आलं, पाठोपाठ मोठ्या न्यायालयांचे हुकूम आले, नद्यांच्या राष्ट्रीय योजना आल्या. दिल्लीहून निघालेलं प्रत्येक धोरण आमच्या घाटापर्यंत पोचेतो पत्र्याचा फलक होऊन पोचत असे. फलक रंगवला जाई, मंत्री येत, नारळ फुटे, आणि ती नारळाची करवंटी त्या फलकाखाली नदीत पडे.

आम्ही कारखान्यांना जो कागद देत असू त्याला संमतीपत्र म्हणतात. कशाची संमती, असं मला एकदा माझ्या बायकोनं विचारलं होतं. ठरावीक मर्यादेत घाण सोडण्याची, असं मी सांगितलं. ती म्हणाली, 'आणि मर्यादा कोण बघतं?' मी म्हणालो, 'मी.' त्यावर ती हसली, ते मला आवडलं नव्हतं.

आता नदीबद्दल. आमच्याकडची नदी दिवाळीनंतर नदी राहत नाही. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ठिकठिकाणी आहेत. नदीत आडवी खांबांची रांग, खांबांना उभ्या खाचा, त्या खाचांत एकावर एक लाकडी फळ्या बसवायच्या, दोन रांगांत, आणि मधे माती ठासायची. या फळ्यांना बरगे म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, म्हणजे पूर मोकळा निघून जातो. स्वस्त आणि हुशार व्यवस्था आहे, आणि आमच्या जिल्ह्याला तिचा योग्य तो अभिमान आहे. बरगे घातले की नदीची एकाखाली एक तळी होतात. संस्थानकाळात बांधायला घेतलेल्या राधानगरीच्या धरणातून पाणी सोडलं की तळी भरतात, उपशाच्या मोटारी चालतात, ऊस वाढतो, कारखाना चालतो. कारखान्यात साखर झाल्यावर मळी उरते, मळीपासून अल्कोहोल काढतात, आणि अल्कोहोल काढून झाल्यावर जे काळं, जळक्या गुळाच्या वासाचं पाणी उरतं, त्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ते जिरवण्यासाठी मोठी तळी, खतांचे खड्डे वगैरे सगळं कागदावर असतं. हंगामाच्या शेवटी तळी भरतात आणि कुठून तरी पाझर लागतो. मग बंधाऱ्यामागच्या पाण्यात मासे तोंड वर काढून उभे राहतात, कारण खाली श्वास घ्यायला काही उरलेलं नसतं. वर्तमानपत्रं याला 'मळीमिश्रित पाणी' म्हणतात. शहराचं मैलापाणी त्यात आधीच असतं, पण त्याला कुणी वेगळं नाव दिलेलं नाही.

मला दोन गावांबद्दल लिहायचं आहे. नावं देत नाही, कारण दोन्ही गावं अजून आहेत आणि दोन्हीकडे माझं जाणं-येणं आहे. एक वरचं गाव, एक खालचं. वरच्या गावाच्याही वर साखर कारखाना आहे, आणि गावाला बंधारा आहे. त्याचे बरगे काढले की तिथं साठलेलं पाणी खालच्या गावाच्या बंधाऱ्यामागे जाऊन थांबतं, आणि खालच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर तिथंच, नदीच्या काठाला आहे.

वरच्या गावात कल्लाप्पाण्णा होते. खता-बियाण्यांचं दुकान, थोडा ऊस, गळ्यात लिंग, खांद्यावर टॉवेल. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि आमच्या कचेरीत आले की दोन्ही भाषांतल्या शिव्या. गावातल्या जवळपास प्रत्येकासारखे तेही कारखान्याचे सभासद. नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका वर्षी, उन्हाळा नुकता लागत असताना, ते पंचवीस-तीस माणसं घेऊन आले आणि त्यांनी माझ्या टेबलावर थंड पेयाची एक मोठी बाटली आपटली. आत काळं पाणी.

"मोठं साहेब कुटं हायत?"

"मुंबईला, मीटिंगला."

"मग पावणं, तुमी घ्या." माझा चहाचा रिकामा कप त्यांनी पुढे ओढला आणि बाटलीतलं पाणी त्यात ओतलं. "घ्या की. लाजू नका. तुमच्याच खात्यानं पास केल्यालं हाय."

मागून कुणी तरी म्हणालं, "साखर बघा बरोबर हाय काय. आमच्याच उसाची हाय." सगळे हसले.

मी पाणी प्यायलो नाही. त्यांनाही ते अपेक्षित नव्हतं. मी म्हणालो, "अण्णा, कारखान्याच्या अल्कोहोल प्रकल्पाची वीज तोडण्याचा प्रस्ताव मी आज पाठवतो. तुमच्या गावाचा ठराव तेवढा जोडून द्या."

अण्णांनी कप बाजूला सरकवला.

"कारखाना बंद करा असं कोण म्हणलं?" अण्णा म्हणाले. "ऊस उभा हाय शेतात. अजून तोड यायची हाय माझी."

"मग काय करू?"

"बरगं काढायला सांगा. वरनं धरणाचं पाणी सोडायला सांगा. जाऊ द्या ते खाली."

"खाली गाव आहे, अण्णा."

"ठावं हाय की. लेक दिलीया माझी तितं." त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "महानंदा. आठवा लागलाय तिला. आदी ठावं असतं तर गेल्या म्हैन्यातच आणली असती. आता आठव्यात बाई नदी वलांडत न्हाय, आमच्यात बी न्हाय आन तुमच्यात बी न्हाय. पर माझ्या लेकीचं मी बघतो. माझ्या बोअरचं पाणी रोज नेऊन घालतो. तुमी बरगं बघा."

ते खरोखरच तसं करणार होते, आणि आपण सगळा विचार केला आहे याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यावर गेलो. कायद्याप्रमाणे मॅनेजरला सांगितलं की नमुना घेणार आहे. तो मोठा अगत्यशील माणूस होता. "घ्या ना साहेब, आपलंच आहे. आधी चहा घेऊ." चहा आला, मग पोहे आले, मग प्रकल्पाची चित्रफीत दाखवायची होती म्हणून दुसऱ्या खोलीत गेलो. चित्रफितीत आमच्या सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर जात नाही, असं एक बाई इंग्रजीत सांगत होती. मी मधेच उठलो, तर तोही उठला आणि माझ्याबरोबर चालत आला, बुटात खडा गेला म्हणून दोनदा थांबला. नाल्याच्या तोंडाशी पोचलो तेव्हा तिथं स्वच्छ पाणी वाहत होतं. नाल्याच्या दोन्ही काठांवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत काळी रेघ ओली होती. रेघेचा नमुना घेण्याची तरतूद कायद्यात नाही. मी दोन बाटल्या भरल्या, लाख लावली, त्यानं वळणदार सही केली. अहवाल अर्थातच उत्तम आला.

मग कोल्हापुरात बैठक झाली. पाटबंधारे, आरोग्य, पाणीपुरवठा, महसूल, आम्ही. प्रत्येक खात्यानं आपली तयारी पूर्ण असल्याचं सांगितलं. कशाची, ते कुणी विचारलं नाही. शेवटी सगळ्यांचं ज्यावर एकमत झालं ते म्हणजे बरगे काढायचे. त्याला खर्च नाही, कुणाची परवानगी नाही, आणि वरच्या गावाचा मोर्चा थांबतो. मी म्हणालो की हे पाणी खालच्या गावाच्या विहिरीत जाईल. आरोग्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं, "आम्ही ब्लीचिंग पावडर वाढवू."

मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर पावडर त्यांना मारते. पण पाण्यात मळीसारखं काही असलं तर पावडर आधी त्याच्यावरच खर्ची पडते. जंतूंपर्यंत ती पोचेतो तिच्यात जीव राहिलेला नसतो. पावडर टाकल्याची नोंद होते, वासही येतो, आणि कावीळ होते. तेव्हा त्या गावाचे नळ बंद ठेवा आणि टँकर द्या.

"प्रयोगशाळेचा अहवाल आहे का तुमच्याकडे?" अध्यक्षस्थानी बसलेल्यांनी विचारलं.

"नदीच्या पाण्याचा यायचाय. कारखान्याचा आलाय, तो चांगला आहे."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि पुढे सांगितलं, "खाली सोडून द्या."

'खाली' हा शब्द मला नवा नव्हता. हातकणंगले तालुक्यातल्या माझ्या गावी पाणवठ्याचं सगळ्यात खालचं टोक आमचं होतं. वर गावानं पाणी भरायचं, मधे जनावरं, मधे धुणं, आणि मग आम्ही. माझ्या जन्माआधीच वडिलांनी बाबासाहेबांच्या मागे जाऊन धर्म बदलला, पण नदी काही उलटी वाहायला लागली नाही. बुद्ध वंदना म्हणून आई त्याच टोकाला घागर बुडवायची. त्यामुळे नद्यांबद्दलची कुठलीही योजना वाचताना मी पहिल्यांदा एवढंच बघतो, की लिहिणारा कुठल्या टोकाला उभा आहे. त्या बैठकीत सगळे वरच्या टोकाला उभे होते, सरकारी गाडीनं आलेला मीसुद्धा.

इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'खालच्या गावास सावधगिरीचा इशारा द्यावा.'

बरगे काढण्याचा समारंभ झाला. समारंभच म्हणायला हवं, कारण सत्तेतले एक पुढारी आणि विरोधातले एक पुढारी दोघेही हजर होते आणि नारळ दोन फुटले. कल्लाप्पाण्णांच्या गळ्यात हार घातला. पहिल्या बरग्याला साखळी त्यांच्या हातून अडकवली, पाटबंधाऱ्याच्या माणसांनी ओढली, माती ढासळली आणि काळं पाणी धो-धो करत खाली गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मथळा होता, नदीनं मोकळा श्वास घेतला.

पेपर आला त्या दुपारी मी खालच्या गावात इशारा द्यायला गेलो. महानंदाचे सासरे बसाप्पा तिथले सरपंच होते. घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर बसून ते सुपारी कातरत होते. मी म्हणालो, नळाचं पाणी पिऊ नका, निदान उकळून घ्या.

"साऱ्या गावानं?" ते म्हणाले. "जळण कोण देणार? तुमचं खातं?"

"तुमच्या व्याह्यांनी बरगे काढलेत, मामा."

"बघितलं की पेपरात. हार लई शोभला बीगरांना." कानडीत व्याह्याला बीगर म्हणतात. त्या शब्दात त्यांनी बराच राग भरला होता. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "असू द्या. वास सुटला की आमी बी आमचं बरगं काढतो. आमच्या खाली बी गाव हायच की."

तेवढ्यात दारात एम-एटी दुचाकी थांबली. कल्लाप्पाण्णा स्वतः. दोन्ही बाजूंना कॅन बांधलेले. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत, कॅन पायरीवर ठेवले, "महानंदा!" म्हणून हाक मारली आणि माझ्याकडे बघून हात केला. दोघे व्याही एकमेकांशी बोलले नाहीत.

महानंदा बाहेर आली. तिनं वडिलांना काहीतरी कानडीत ऐकवलं, त्यावर ते हसले आणि गेले. मग तिनं कॅन उचलायला घेतला, सासूनं तो तिच्या हातून काढून घेतला, आणि माझ्यादेखत दोघींनी मिळून ते पाणी घरातल्या मोठ्या हंड्यात ओतलं. हंडा नळाच्या पाण्यानं निम्मा भरलेला होता.

मी न राहवून म्हणालो, "ताई, हे पाणी तुमच्यासाठी वेगळं ठेवायचं आहे."

ती माझ्याकडे बघून हसली. "साहेब, आत्या नळाचं पिणार आन मी म्हायेरचं? एका घरात दोन घागरी मांडू व्हय?"

"बाळ होईपर्यंत तरी."

"बाळ काय, बाळाच्या आज्ज्याचं वैर घेऊन जन्माला यायचंय काय?" सासू म्हणाली आणि दोघी हसल्या. महानंदानं मला त्याच हंड्यातलं पाणी तांब्यात आणून दिलं. "घ्या. अर्धं माझ्या म्हायेरचं हाय."

मी पुन्हा सांगितलं, ह्या पाण्यातल्या काविळीनं गरोदर बाईचं फार वाईट होतं. तिनं मान हलवली. मोठ्यांचं ऐकून घ्यावं तसं ऐकून घेतलं.

नववा लागला तेव्हा ती माहेरी आली. वाजतगाजत नाही, पण जीप सजवून आणली होती. त्याच आठवड्यात तिचे डोळे पिवळे झाले. खालच्या गावात तोवर घरोघरी कावीळ होती. बाकीचे बहुतेक उठले. ती कोल्हापुरात दवाखान्यात शुद्धीवर न येता गेली, आणि पोटातलं मूलही गेलं. लिंगायतांमध्ये बसवून पुरतात. अण्णांच्या उसाच्या बांधाला तिला तशी बसवली, ते मी बघितलं आहे. ऊस तोडून झाला होता, रान मोकळं होतं, आणि बसाप्पा सगळ्यांच्या मागे, एकटेच उभे होते.

सरकारी अहवालात कावीळ पाइपलाइनला गळती असल्यामुळे झाली असं ठरलं. गळती होतीच, कुठल्या गावात नसते? पाच जूनला पर्यावरण दिन झाला. कारखान्याला उत्तम वृक्षारोपणाची ढाल मिळाली. पाहुण्यांनी आपली संस्कृती नद्यांना माता मानते असं सांगितलं. मी पहिल्या रांगेत होतो, कारण मागच्या रांगा कारखान्याच्या लोकांनी भरल्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा काळं झालं. वरचं गाव पुन्हा आमच्या कचेरीत आलं, पण या वेळी पुढे दुसरेच होते. पुन्हा बैठक, पुन्हा एकमत. तहसीलदारांचा हुकूम निघाला, बरगे काढा. पाण्याची स्थिती बघायला मला बंधाऱ्यावर बोलावलं होतं. गेलो तर बंधाऱ्याच्या मधल्या दोन खांबांच्या गाळ्यात, बरग्यांवरच, कल्लाप्पाण्णा मांडी घालून बसले होते. काठावर पोलीस, साखळ्या घेतलेली पाटबंधाऱ्याची माणसं आणि अख्खं गाव.

"अण्णा, उठा," वरच्या गावचे सरपंच म्हणाले. "सरकारी हुकूम हाय."

"न्हाय उठत. पाणी तटू दे हितंच."

"वासानं माणसं मराय लागल्यात की वो!"

"वास येऊ दे. वास आला तर साहेब येतंय, मंत्री येतंय. खाली सोडलं की समदी गप्प घरात जात्यात. पाइप बंद करा म्हणा कारखान्याचा. वीज तोडा म्हणा."

"आन ऊस?" गर्दीतून आवाज आला.

"जाळा ऊस. माझा आदी जाळा."

एक तरणा पुढे आला. "गेल्या साली हार घालून तुमीच काढलासा की बरगं! तवा खालचं गाव दिसलं न्हाय?"

अण्णांनी मांडी आणखी आवळली.

मग एक बाई, कडेवर मूल, ओरडली, "तुमची लेक गेली, वाईट झालं. पर त्यापायी आमची पोरं मारतासा काय?"

त्या बाईचं काही चुकत नव्हतं. तिच्या मुलाच्या हातापायावर खरजेचे फोड मला दिसत होते.

अण्णांनी गर्दीत मला शोधून काढलं. "साहेब, सांगा ह्यास्नी. तुमी सांगा."

मी सांगितलं. पुढे येऊन, मोठ्यांदा, पावडरचं, मळीचं, जंतूंचं, काविळीचं, सगळं सांगितलं. खालच्या गावात गेल्या वर्षी कोण कोण गेलं तेही सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. कुणी वाद घातला नाही. तहसीलदार म्हणाले, "आभारी आहे," आणि फौजदाराकडे बघितलं. चार पोलिसांनी अण्णांना मांडी घातलेल्या अवस्थेत तसंच उचललं आणि काठावर आणून ठेवलं. साखळ्या अडकवल्या. पाणी खाली गेलं. या वेळी टाळ्या नव्हत्या, एवढीच प्रगती.

त्यांच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याची केस झाली. ती पुढे रेंगाळली. मधे नवं शतक आलं, नदीसाठी नवा कृती आराखडा आला. कचेरीत संगणक आले आणि कारखाने स्वतःच स्वतःच्या पाण्याचे आकडे पाठवू लागले. ते आकडे नेहमी आमच्यापेक्षा व्यवस्थित असत. त्या दुसऱ्या उन्हाळ्यानंतर आम्ही कारखान्यावर भरलेला खटला पुराव्याअभावी काढून टाकला गेला. अण्णांची केस मात्र निकालापर्यंत पोचली. माझ्या नोकरीच्या काळात, त्या नदीच्या काळ्या पाण्यावरून शिक्षा झालेला माणूस हा एकच.

साक्षीदार म्हणून मला समन्स होतं. मी गेलो, पण साक्षीची वेळच आली नाही. न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. वकील उठायच्या आत अण्णा म्हणाले, "व्हय. कबूल हाय." वय बघून, पहिलाच गुन्हा म्हणून, त्यांना किरकोळ दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, अशी एक शिक्षा असते. कोठडीत नेत नाहीत. त्या दिवसाचं काम संपेपर्यंत कोर्टातच, मागच्या बाकावर बसून राहायचं.

मला जायला हरकत नव्हती. पण मी त्यांच्या शेजारी बसलो. दुपारी बसाप्पा आले. कुणी कळवलं होतं कुणास ठाऊक. ते अण्णांच्या पलीकडच्या बाजूला बसले. समोर बांधाची भांडणं, चेक न वटल्याच्या केसेस, पोटगी, एकामागून एक येत होत्या आणि जात होत्या. एकदा बसाप्पांनी विचारलं, "जेवलासा काय, बीगर?" अण्णांनी मानेनं नाही म्हटलं. बसाप्पा बाहेर जाऊन केळी घेऊन आले. कोर्टात खायची परवानगी नव्हती, म्हणून ती तशीच दोघांच्या मधे बाकावर राहिली.

ऊन उतरल्यावर न्यायाधीश उठले. सगळे उभे राहिले, अण्णाही राहिले, आणि मग सगळे पांगत असताना ते पुन्हा खाली बसले. कोर्टाचा शिपाई खिडक्या लावत आमच्यापर्यंत आला. ओळखीचा नव्हता, पण आवाज मायाळू होता.

"उठा की आण्णा. जावा घरला. झाली तुमची शिक्षा."

अण्णांनी वर बघितलं.

"एवढीच?"

शिपायाला तो विनोद वाटला. तो मोठ्यांदा हसला आणि पुढची खिडकी लावायला गेला. बसाप्पांनी अण्णांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.